स्वस्त आहे, पण पाया बघा

भुसावळला पुण्याच्या मानाने मातीमोल भावात घर मिळतं, राखेचं तेवढं टेन्शन, असं एकाने म्हटलंय. भावाचं पटलं. रेल्वेची कोळशाची इंजिनं गेली तरी इथल्या दीपनगर वीज केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच कोळशावरच आहेत, वारा तिकडून आला की गच्चीवरच्या कुरडया झाकायच्या, सवय होते भो. खरी भानगड जमिनीची, इकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आन उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर हलतं. आमच्या बिल्डरने नेला नव्हता, दुसऱ्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून बोट जाईल एवढी तिरकी चीर गेली, दोनदा पुट्टी भरली तरी परत तिथेच. म्हणून घर बघायला भर मे महिन्यात या, ४५ डिग्रीत जीव जाईल पण पावसाळ्यात त्याच चिरा मिटलेल्या असतात.