लायन माउंटनला जुन्या वाटेनं जायचं का?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची सहल लायन माउंटनला न्यायचं ठरतं आहे. सीमेपलीकडे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे, गाडीनं दीडेक तास. त्या सुमाराला मेपल रंगलेले असतात आणि हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून आपलं मॉन्ट्रियल दिसतं.

एक विचारायचं होतं. चालू वाट एका बाजूनं साधारण साडेपाच किलोमीटर आहे. थोडं चाललं की एक जुनी, सोडून दिलेली वाट सरळ वर जाते, ती जेमतेम चार. आपल्यातले निम्मे तरी सह्याद्रीत वाढलेले. जुन्या वाटेनं चढू या का? ब्रोसारचे काका त्या वाटेनं गेले आहेत, त्यांनी सांगावं.

– सहलीची यादी करणारी

*

ताई,

मी त्या वाटेनं चढलो 2006 मध्ये. तेव्हा दुसरी वाटच नव्हती; नवी 2008 मध्ये झाली. जाऊ नका म्हणतो, पण कारण नीट सांगतो, कारण त्या वाटेवर माझा फार जीव आहे.

माथ्यावरचा लोखंडी मनोरा 1917चा, 35 फुटांचा. पवनचक्क्या बनवणाऱ्या शिकागोच्या एअरमोटर कंपनीच्या बनावटीचा. पायांकडे पाहिलं की पवनचक्कीचाच सांगाडा वाटतो. तो तिथे आला वणव्यांमुळे. 1903 आणि 1908 मध्ये अॅडिरॉन्डॅकच्या, म्हणजे इथल्या डोंगररांगांच्या, जंगलात लाखो एकर जळून गेले. लाकूडतोडे झाडांचे शेंडे आणि फांद्या तिथेच टाकून जायचे, त्या वाळायच्या, आणि आगगाडीच्या कोळशाच्या इंजिनांच्या ठिणग्या त्यावर पडायच्या. 1909 मध्ये त्या जंगलातून जाणारी इंजिनं तेलावर चालवायचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी डोंगरमाथ्यांवर टेहळणी सुरू झाली.

मनोऱ्याच्या खोलीत एक निरीक्षक सगळा मोसम एकटा असे. मधोमध टेबलावर गोल नकाशा, त्यावर फिरती पट्टी. धूर दिसला की पट्टी तिकडे रोखायची, दिशा वाचायची आणि टेलिफोन करायचा. शेजारच्या मनोऱ्यावरूनही दिशा आली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. टेलिफोनची तार जंगलातूनच वर नेलेली असे. वादळात झाड पडून ती तुटली की निरीक्षकच उतरून जोडणार. पुढे हे काम विमानांनी घेतलं.

आता वाटेचं. अशा वाटा या निरीक्षकासारख्या कामाच्या माणसानं कामासाठी पाडल्या: कमीत कमी अंतरात वर. वळण नाही, म्हणून पाण्यालाही वळण नाही. पाऊस आणि वितळणारं बर्फ वाटेवरूनच धावतं. हिमनदीनं खरवडलेल्या या डोंगरांवर मातीचा थर अगदी पातळ. ती वाहून गेली की खाली कातळ आणि उघडी मुळं. मी गेलो तेव्हा वाट कमी आणि ओढा जास्त होता. माणसं घसरायला नको म्हणून कडेनं चालतात, कडेची माती सुटते, वाट रुंदावत जाते. आपल्याकडे सह्याद्रीत घसाऱ्यावर, सुट्या मातीच्या उतारावर, टाच रोवता येते. इथे ओल्या मुळावर पाय पडला की रोवायला काहीच नसतं. उतरताना तर दर चार पावलांना झाडाची फांदी धरत होतो.

नवी वाट आडवी-तिरपी वळणं घेत जाते, पाणी बाजूला काढून देते. अंतर वाढलं, पण सुमारे 1,900 फुटांचा चढ दमछाक न होता होतो. जुनी वाट बंद केली ती तिथे पुन्हा झाडं यावीत म्हणून. फरची कोवळी झाडं कुठे कुठे उगवायला लागली आहेत. आपण वीस-पंचवीस जण त्यावरून गेलो तर इतक्या वर्षांचं काम एका शनिवारी तुडवलं जाईल. वरच्या टप्प्यात नवी वाट जुन्या वाटेलाच येऊन मिळते, तेव्हा थोडी जुनी चढण पायाखाली येतेच. तिथे मुलांना दाखवा.

मनोऱ्याच्या जिन्यावर एका वेळी चार-पाच जणच सोडू या. वर वारा फार असतो, टोपी सांभाळा. पूर्वेला शॅम्प्लेन सरोवर आणि त्यामागे व्हरमाँटचे डोंगर, दक्षिणेला अॅडिरॉन्डॅकची उंच शिखरं, उत्तरेला आपलं सपाट क्युबेक. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो.

– ब्रोसारहून, काका

*

काका, पटलं. आम्ही लावालचे सात जण, नव्या वाटेनं येतो.

ताई, यादी करताना एक लक्षात घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना, इथले पीआर, म्हणजे कॅनडाचे कायमचे रहिवासी, असले तरी, अमेरिकेचा व्हिसा लागतोच. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही तेच. मागच्या सहलीला एका घराला सीमेवरून परतावं लागलं आणि डबेही त्यांच्याच गाडीत राहिले. आजी-आजोबा येत असतील तर त्यांच्यासाठी खाली शेझी तलावाकाठी बसायची सोय बघू. थालीपिठं मी आणते.

*

ठरलं तर. नवी वाट, सकाळी साडेसहाला निघायचं. पासपोर्ट-व्हिसाचं मला येत्या रविवारपर्यंत कळवा. काका, मनोऱ्यावर मुलांना त्या नकाशाचं आणि दोन रेषांचं तुम्हीच सांगा. मी दोन होकायंत्रं आणि एक मोठा नकाशा घेऊन येते.