घडीचे तीन जुने चाकू मिळालेत: बफ मारून घेऊ की तसेच ठेवू?

दांडियाबझारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या जुन्या घराच्या पत्र्याच्या डब्यातून घडीचे तीन चाकू निघालेत. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णनच देतो.

पहिला मिटल्यावर साडेआठ सेंमी. दोन्ही टोकांना एकेक पाते, मूठ पांढरट-पिवळसर. मोठ्या पात्याच्या बुडाशी मुकुट, त्याच्या दोन बाजूंना इंग्रजी जी आणि आर, खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड, इंग्लंड. एक चांदणी आणि क्रॉसही आहे. लहान पाते अडकलेय, नखाने हलत नाही.

दुसरा लाकडी मुठीचा, एकच पाते. त्यावर मुकुट घातलेला पंजा आणि ओपिनेल हे नाव. मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे असते म्हणतात, याला ते नाही.

तिसऱ्यावर 'झोलिंगेन' (चाकूंसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) एवढेच वाचता येते. मूठ कासवाच्या पाठीसारखी, तपकिरी-पिवळी, थोडी पारदर्शक. गंमत म्हणजे पात्याची उघडी राहणारी पाठ बरी आहे, पण मुठीच्या आत बसणारा भाग खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लाय. झाकलेलाच भाग कसा गंजला?

मंगळ बाजारात एक जण तिन्ही बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, चकचकीत करून द्यायला तयार आहे. द्यावेत का? अस्सल आहेत का?

पोलादी_पाते

बफवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. बफ पहिल्या मिनिटात बुडावरच्या ठशाच्या कडा खातो, आणि जुन्या चाकूत वाचण्यासारखे जे काही असते ते त्या ठशातच असते. पात्यावरचा करडा-निळसर थर हा गंज नव्हे. कार्बन पोलादावर वर्षानुवर्षांनी तो चढतो आणि खालच्या धातूला थोडेफार राखतोही. काढायचा तो फक्त लाल, भुसभुशीत गंज.

रॉजर्सबद्दल. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण १७६४ पासूनची. जी-आर म्हणजे जॉर्ज राजा, पण कोणता? तिसरा-चौथा असेल तर १८३० च्या आतला, पाचवा-सहावा असेल तर १९१० नंतरचा. निकाल 'इंग्लंड' या शब्दाने लागतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि त्यानंतर शेफिल्डच्या पात्यांवर तो शब्द सर्रास दिसू लागला. म्हणजे तुमचा चाकू विसाव्या शतकातला धरा. नेमके साल ठशावरून काढू नका, कारखाने तेच ठसे वर्षानुवर्षे वापरत.

रॉजर्सच्या नकलाही भरपूर झाल्या. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे, चांदणीच्या जागी फूल, असले प्रकार. भिंग घेऊन बघा: खरा ठसा ठोकलेला असतो, खोल आणि अक्षराअक्षराला थोडा कमीजास्त. सगळी अक्षरे सारखीच उथळ आणि तळ राखाडी दिसला, तर ते ॲसिडने किंवा लेझरने कोरलेले समजा.

मोठे पाते मूळचे आहे का तेही तपासा. मिटल्यावर टोक बाहेर डोकावत असेल तर पाते धार लावून लावून झिजलेय. उलट टोक मुठीत खोल बुडत असेल तर बुडाखालचा छोटा उंचवटा कोणीतरी कानशीने घासलाय. तो उंचवटाच पात्याची धार आतल्या स्प्रिंगवर आपटू देत नाही. आणखी एक: पाते पूर्ण उघडल्यावर आणि पूर्ण मिटल्यावर, दोन्ही वेळा पाठीची स्प्रिंग आणि बाजूच्या पितळी पट्ट्या बोटाला एका पातळीत लागायला हव्यात. चांगल्या कारागिराची ती सही समजा.

कलमतराश

वरच्या उत्तराला पुस्ती, तिसऱ्या चाकूपासून.

ती मूठ बहुतेक सेल्युलॉइडची आहे, आणि तुमच्या कोड्याचे उत्तरही तेच. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर. जुने झाले की ते कुजते आणि नायट्रोजनची आम्ले सोडते. मुठीच्या खाचेत ही वाफ कोंडते, म्हणून नेमका आत बसणारा भाग खाल्ला जातो. अंगठा मुठीवर १०–१५ सेकंद जोरात घासून लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर खात्री झाली. तापलेली सुई टोचून बघायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेते.

हा चाकू इतर दोघांपासून आजच वेगळा करा. बंद डबीत तर मुळीच नको, उघड्या फळीवर, उन्हापासून लांब ठेवा. वाफ शेजारच्या चाकूचे पोलादही खाते आणि पितळेवर हिरवे चढवते. मुठीत बारीक चिरांचे जाळे, घाम आल्यासारखा ओलावा किंवा खिळ्यांभोवती हिरवट कडा दिसली, तर ती मूठ वाचत नाही. पाते वाचवायचे तर मूठ उतरवावी लागते.

पांढरी मूठ कशाची आहे ते आधी ठरवा, कारण त्यात कायदा येतो. दहापट भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसल्या तर हाड. मुठीच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. अगदी सरळ, एकसारख्या समांतर रेघा आणि जाळी कुठेच नाही, तर नकली हस्तिदंत, म्हणजे पुन्हा सेल्युलॉइड. हस्तिदंत असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने खरेदी-विक्री बंद. घरात वारशाने आलेले असले तरी मालकी प्रमाणपत्राचे वनखात्यात विचारा. सांबरशिंगाच्या मुठींनाही तोच कायदा लागतो. शेफिल्ड-झोलिंगेनच्या कित्येक जुन्या चाकूंवर आपल्याकडचेच सांबरशिंग असायचे. गाई-म्हशीच्या हाडाला ही अडचण नाही.

पोलादी_पाते

हस्तिदंताचे सांगायचे राहूनच गेले होते, बरे झाले.

आता अडकलेले पाते. पक्कड लावायची नाही, पात्यावर दात उमटतात. मेडिकलच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा, १०० मिलीची बाटली पुष्कळ होते. शिलाई मशीनचे तेलही चालेल. गोडेतेल मात्र नको, महिन्याभरात त्याचा चिकट राप होतो आणि पाते पुन्हा धरते. सांध्यात दोन-तीन थेंब सोडा, चाकू उभा ठेवून २४ तास जाऊ द्या, मग नखाच्या खाचेत बांबूची चपटी काडी घालून सरळ वर उचला. नाही उठले तर आणखी एक दिवस तेल. उठले की अर्धवट उघडून थेंब टाका, १०–१५ वेळा उघडझाप करा, बाहेर येणारा काळा गाळ पुसा. तेल स्वच्छ येईपर्यंत हेच. हे करताना मोठे पाते मिटलेलेच असू द्या. दोन्ही टोकांची पाती एकाच स्प्रिंगवर असतात. दोन्ही एकदम अर्धी उघडली तर तिच्यावर दुहेरी ताण येतो, आणि जुनी स्प्रिंग मधोमध मोडते. मोडली की तशी स्प्रिंग मिळत नाही, हाताने घडवावी लागते.

लाल गंजासाठी तेल आणि तांब्याचे जुने नाणे. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज खरवडते, पात्यावर ओरखडा उठत नाही. खड्डे तसेच राहतील, राहू द्या. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतले काहीही पात्याला लावू नका. पितळेला चालते ते पोलादाला चालत नाही.

निसणा

धारेचे कोणी बोलले नाही. गल्लीत चाकवाला येतो त्याच्याकडे ही पाती देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ टोक क्षणात तापते. पिवळट रंग साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास, आणि निळे झाले की त्या भागाचे पाणी उतरले, पुढे तो धार धरत नाही. बारीक निसण्यावर (धारेच्या दगडावर) तेल घालून हाताने चार हात मारा, बास.

रॉजर्सचे पाते डावी-उजवी डुगडुगत असेल तर खिळ्याचे डोके ठोकून घट्ट करता येते.

कलमतराश

निसणा, तेवढे नका सुचवू. मुठीच्या टोकावरच्या जर्मन सिल्व्हरच्या (तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूच्या) टोपीतून गेलेला खिळा ठोकताना खाली लोखंडी आधार नीट नसेल तर धक्का हाडाच्या पाकळीला, म्हणजे मुठीच्या बाजूच्या तुकड्याला, बसतो आणि ती खिळ्यापाशी तडकते. अर्धा मिलिमीटर डुगडुग कधीही परवडली.

निसणा

मान्य. पहिल्यांदाच करणाऱ्याने करू नये.

ओपिनेलकडे, त्या फ्रेंच चाकूकडे, येतो. पंजाची खूण १९०९ पासून, फिरणारे कडे १९५५ पासून. पण कडे नाही म्हणजे १९५५ आधीचा, असे धरू नका. ओपिनेलचे आकार नंबरांनी ओळखतात, ५ आणि त्याखालच्या नंबरांना कडे नसतेच. पाते मोजा: ६ सेंमी किंवा कमी असेल तर तो लहान नंबरचा, आणि वय सांगता येणार नाही.

पावसाळ्यात त्याचे लाकूड फुगून पाते आवळते, तेव्हा नखाने झगडू नका. मुठीचे मागचे टोक टेबलावर ठकठक आपटा, पाते आपोआप वर येते. फ्रान्समध्ये, ओपिनेलच्या मूळ सावॉय प्रांतातही लोक हेच करतात. ओढून काढल्यास मूठ खाचेपाशी चिरते.

दांडियाबझारकर

मनापासून आभार. मोजले: ओपिनेलचे पाते साडेआठ सेंमी. झोलिंगेनला अंगठा घासल्यावर कापराचा वास स्पष्ट आला. पांढऱ्या मुठीवर भिंगाखाली काळे ठिपके आहेत. रॉजर्स ठेवायला चामड्याचे छोटे पाकीट घेतलेय, चालेल ना? आणि खिशात घेऊन फिरलो तर?

कलमतराश

ठिपके म्हणजे हाड, कायद्याची कटकट मिटली. चामड्यात ठेवू नका. कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहतात, पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. धुतलेले सुती फडके, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून पात्यावर तेलाचा हात.

खिशाचे म्हणाल तर शस्त्र नियमांतली ९ इंच लांबी, २ इंच रुंदीची मर्यादा तुमच्या चाकूंपासून फार लांब आहे. पण शहरात पोलीस आयुक्तांचे हत्यारबंदीचे जाहीरनामे अधूनमधून निघतात, त्यात चाकूही येतात. घरीच ठेवा. विमानाच्या केबिनमध्ये तर नाहीच.

निसणा

साडेआठ सेंमी म्हणजे ८ नंबर, त्याला १९५५ नंतर कडे असायलाच हवे. मुठीच्या तोंडाच्या धातूच्या पट्टीवर भिंग धरा. कडे फिरून घासल्याच्या गोल रेघा दिसल्या तर कडे नंतर निघालेय. पट्टीवर तशी रेघ एकही नसेल, तर चाकू जुना आहे. लाकडाला तेल न लावता फक्त कोरडे फडके मारा.