गरोदरपणात जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू) पॉझिटिव्ह आहे, मग आत्ताच गोळ्या का नाहीत?

"बाळंतपणाची वाट कशाला बघायची, आत्ताच कोर्स करून जंतू मारून टाकू," असं तुमच्या सासूबाई म्हणतात ना, माझी आईही फोनवर हेच म्हणत होती. पण हा जंतू आतड्यात मुक्कामाला असतो. आज गोळ्यांनी गेला तरी कळा सुरू होईपर्यंत परत हजर! (लघवीत सापडला तर मात्र तेव्हाही औषध देतात, आणि कळांमध्ये पुन्हा.)

माझी बाळंतपणं अमेरिकेत झाली. तिथे ३६-३७व्या आठवड्यात योनी आणि गुदद्वाराजवळून स्वॅब घेतात. साधारण चौघींतल्या एकीला तो पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे 'माझीच स्वच्छता कमी पडली' वगैरे अजिबात मनात आणू नका. ब्रिटनमध्ये ही चाचणी सरसकट करत नाहीत, त्यामुळे तिथे कुणी बहीण असेल तर तिच्याशी तुलना नको.

मला कळा सुरू झाल्यावर पेनिसिलिनची सलाईन लावली, मग दर चार तासांनी पुढचा डोस. हात कोपरापर्यंत गार पडायचा, चुरचुरायचा. वेग कमी करायला सांगितल्यावर बरं वाटलं. पहिला डोस जन्माच्या किमान चार तास आधी जायला हवा, म्हणून पाणमोट फुटली तर कळांची वाट न बघता निघा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आत्ताच सांगून ठेवा, पर्यायी औषध आधी ठरवावं लागतं.

आणि हो, सलाईनने बाळाला या जंतूचा संसर्ग होण्याचा पहिल्या आठवड्यातला धोका कमी होतो, नंतरचा नाही. तीन महिन्यांपर्यंत बाळ दूध ओढेना, कण्हायला लागलं किंवा ताप आला, तर रात्र असली तरी थेट दवाखाना.