बिस्मथ फेराइट : नमुन्याची शुद्धता आधी तपासावी

विद्युत ध्रुवीकरण (धन व ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकणे) आपोआप होणाऱ्या बेरियम टायटेनेटसारख्या पदार्थात टायटेनियमची डी-कक्षिका (अणूत इलेक्ट्रॉन ज्यांत असतात त्या कक्षिकांचा एक प्रकार) रिकामी असते, चुंबकत्वाला मात्र ती अंशतः भरलेली लागते, आणि म्हणून विद्युत ध्रुवीकरण व चुंबकत्व हे दोन्ही गुण एकाच पदार्थात क्वचित आढळतात, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा योग्यच आहे. तरीही बिस्मथ फेराइट, म्हणजे बिस्मथ, लोह व ऑक्सिजन यांचे संयुग, त्याला अपवाद ठरते, कारण त्यात विद्युत ध्रुवीकरण बिस्मथच्या बंधरहित इलेक्ट्रॉन-जोडीमुळे आणि चुंबकीय क्रम (अणूंच्या सूक्ष्म चुंबकत्वांची ठरावीक मांडणी) लोहामुळे निर्माण होतो.

चर्चेत सहसा न येणारी गोष्ट नमुना तयार करण्याची आहे. मराठवाड्यात फेराइटांवर (लोहयुक्त ऑक्साइडांवर) काम करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मीही नांदेडजवळच्या एका महाविद्यालयात सोल-जेल पद्धतीने (द्रावणापासून जेल करून ते भट्टीत तापवून) हे संयुग बनवत असे. भट्टीत बिस्मथ उडून जाते, म्हणून ते थोडे जास्त घ्यावे लागते. त्यात उन्हाळ्यात मध्येच वीज गेली की क्ष-किरण विवर्तनाच्या (नमुन्यात कोणती संयुगे आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) आलेखात परक्या संयुगांची शिखरे दिसत. एका नमुन्यात खोलीच्या तापमानाला चांगले चुंबकत्व मिळाले, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. परंतु शुद्ध बिस्मथ फेराइट प्रतिलोहचुंबकीय असते, म्हणजे शेजारच्या अणूंची चुंबकत्वे एकमेकांच्या उलट असतात, आणि त्यातील स्पिनांची (इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म चुंबकत्वाची) दिशा सुमारे ६२ नॅनोमीटरच्या आवर्तनात फिरत जाते, त्यामुळे भरीव नमुन्यात निव्वळ चुंबकत्व जवळजवळ उरत नाही. नमुना बाहेर पाठवून तापवून मोजला, तेव्हा हे चुंबकत्व ३७० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे या संयुगाचा चुंबकीय क्रम मोडतो त्या तापमानाच्या, पुढेही टिकलेले आढळले; ते लोह ऑक्साइडच्या अशुद्धीचे होते. विद्युत मापनातही (विद्युत क्षेत्र बदलत ध्रुवीकरण मोजताना) टोकाशी गोलाकार झालेला वक्र बहुधा ध्रुवीकरणाचा नसून गळती प्रवाहाचा (नमुन्यातून झिरपणाऱ्या विजेचा) असतो, आणि नव्या विद्यार्थ्यांना हे आधीच सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.