शब्दचर्चा : संदर्भ-संवेदी व्याकरण

प्रश्न : चिन्हांच्या ओळी (स्ट्रिंग) तयार करणाऱ्या नियमांच्या संचाला संगणकशास्त्रात 'व्याकरण' म्हणतात. 'संदर्भ-संवेदी व्याकरण' यातला 'संदर्भ' नेमका कोणता? अर्थ, प्रसंग वगैरे त्यात येतं का? आणि 'संदर्भमुक्त नाही' याऐवजी 'संदर्भ-संवेदी' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद १ : अर्थाचा संबंध नाही. संदर्भ म्हणजे चिन्हाला डावी-उजवीकडून लागून असलेली चिन्हं, बस. ती न पाहताच चिन्ह बदलणारे नियम ते संदर्भमुक्त. संधी शिकलेल्यांना नमुना पाठच असतो : पाणिनीचं सूत्र 'इको यणचि' (अष्टाध्यायी ६.१.७७). षष्ठीतला इक् (इ, उ, ऋ, ऌ) बदलतो, प्रथमेतला यण् (य, व, र, ल) त्याच्या जागी येतो, पण सप्तमीतला अच् (स्वर) पुढे असला तरच. इति + आदि = इत्यादि; 'आ' जागचा हलत नाही. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी केलेल्या व्याकरणांच्या उतरंडीतल्या टाइप १, म्हणजे संदर्भ-संवेदी, नियमाचा साचा हाच. फरक एवढाच की पाणिनीत अपवाद उत्सर्गाला (सामान्य नियमाला) बाजूला सारतो, म्हणून रवि + इंद्र = रवींद्र. चॉम्स्कींच्या व्याकरणात असा अग्रक्रम नसतो. जो नियम बसेल तो केव्हाही लावता येतो.

प्रतिसाद २ : आणि घोळ तिथेच होतो. अअबबकक अशा, तिन्ही अक्षरं समसमान असलेल्या स्ट्रिंग घ्या. नॉन-टर्मिनल (तयार स्ट्रिंगमध्ये न उरणारी, मधल्या टप्प्यांतली चिन्हं) स, प, ट; सुरुवात 'स' पासून.

स → असपट, स → अपट, टप → पट, अप → अब, बप → बब, बट → बक, कट → कक

लांबी कुठेच घटत नाही. पण 'टप → पट' एका दमात दोन चिन्हं बदलतो; काटेकोर साच्यात एका वेळी एकाच नॉन-टर्मिनलच्या जागी दुसरं काही आणायचं असतं. हा नियम तशा एकेका बदलात फोडताना, 'ह' हे तात्पुरतं चिन्ह घेऊन, सहज सुचतं ते असं : टप → हप, हप → हट, हट → पट. हे चुकीचं आहे! 'टपप' वर चालवून बघा :

टपप, हपप, हटप, हहप, हहट, हपट, हटट, पटट

एक प गेला, एक ट वाढला. या वाटेने अअअबबकककक सुद्धा तयार होते. पहिली अदलाबदल अर्धवट असताना दुसरी घुसली, आणि 'ह' ने नव्याने आलेला प आपलाच समजून पुन्हा बदलला. म्हणून तात्पुरती चिन्हं दोन हवीत : टप → टय, टय → वय, वय → वट, वट → पट. आता कोणी मध्ये घुसलं तर 'वप' उरतो, त्याला नियमच नाही, ती वाट तिथेच खुंटते.

प्रतिसाद ३ : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही चालणार. रिकामी स्ट्रिंग वगळली तर प्रत्येक संदर्भमुक्त भाषा संदर्भ-संवेदीही असतेच. उलट बाजूने, संदर्भमुक्त नसलेली भाषा टाइप १ च्याही बाहेर असू शकते. ती आत आहे म्हणायचं तर व्याकरण द्या, नाहीतर लिनिअर बाउंडेड ऑटोमॅटन (इनपुटच्या लांबीच्या प्रमाणातच जागा वापरणारं कल्पित यंत्र). दोन्हींची ताकद सारखीच, हे कुरोडा यांनी १९६४ मध्ये दाखवलं. प्रोग्रामिंगमधली 'व्हेरिएबल वापरण्याआधी जाहीर केलेला हवा' ही अट संदर्भमुक्त व्याकरणात मावत नाही, पण कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती टाइप १ नियमांनी तपासत नाही, सिम्बॉल टेबल (जाहीर केलेल्या नावांची यादी) वापरून तपासतो.