काळ्या विनोदाने कच खाल्ली तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज'चं 2004 चं रूप परवा पुन्हा पाहिलं आणि पहिल्या वेळी झाली होती तशीच चिडचिड झाली. आयरा लेव्हिनच्या 1972 च्या कादंबरीतली मूळ कल्पना अंगावर येणारी आहे. एका देखण्या उपनगरातले नवरे आपापल्या बायकांना संपवतात आणि त्यांच्या जागी हुबेहूब यंत्रं आणून ठेवतात. ही यंत्रं घर चकाचक ठेवतात, सदा हसतमुख असतात, उलट बोलत नाहीत. 1975 साली यावर थरारपट आला होता. 2004 मध्ये दिग्दर्शक फ्रँक ऑझने त्याचा विनोदी सिनेमा केला, तोही निकोल किडमन, बेट मिडलर, ग्लेन क्लोज, ख्रिस्तोफर वॉकन अशी तगडी मंडळी घेऊन.

सुरुवातीला मी मनापासून हसले. एक नवरा बायकोचा एटीएमसारखा वापर करतो, तिच्या तोंडातून नोटा बाहेर येतात, तिथे हसता हसता पोटात गोळा आला. काळा विनोद म्हणजे हेच ना! आणि शेवटी सांगतात काय, तर बायका मेल्याच नव्हत्या. मेंदूत चिपा बसवल्या होत्या, त्या बंद केल्या आणि सगळ्या पूर्ववत झाल्या. मग जित्याजागत्या बाईच्या तोंडातून नोटा आल्या कशा? याचं उत्तर सिनेमाकडे नाही. खून मागे घेतला की त्यावर आलेलं हसूही मागे घ्यावं लागतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

तुम्हाला असा अनुभव कुठे आला? किंवा उलट, कुठे कुणी शेवटपर्यंत टिकून राहिलं? शेवट उघड करायला हरकत नाही, त्यामुळे न पाहिलेल्यांनी जपून वाचा.

कनेक्टिकटवासी

मी राहते त्याच राज्यात हे काल्पनिक स्टेपफर्ड आहे. 2004 च्या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण इथल्या डॅरिएन, न्यू केनान, नॉरवॉक भागात झालं. सिनेमा आला तेव्हा मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असणाऱ्या बायकोच्या व्हिसावर होते. हातात इंजिनिअरिंगची पदवी, पण नोकरीची परवानगी नाही. 2015 मध्ये नियम बदलला, तोही काही जणींपुरता. आम्ही मराठी मैत्रिणी मिळून थिएटरात गेलो होतो, सगळ्या त्याच व्हिसावरच्या. दिवसभर घर आवरायचं, पॉटलकला पदार्थ करायचा, 'छान चाललंय' म्हणायचं. किडमनची जोआना टीव्हीवरची मोठ्ठी नोकरी गेल्यावर त्या शुभ्र स्वयंपाकघरात उभी राहते तेव्हा आमच्या रांगेत कुणीच हसलं नव्हतं.

म्हणूनच शेवट जास्त लागला. नवऱ्यांना शिक्षा काय, तर त्यांनी आता सुपरमार्केटात गाड्या ढकलत वाणसामान आणायचं! 1975 च्या सिनेमाचा शेवटही सुपरमार्केटातच होतो, पण तिथे त्या बायका लांब झग्यांत, मंद चालीने, एकमेकींना गोड आवाजात नमस्कार करत जातात आणि त्यांतली एक जोआना असते. तो थरारपट असूनही मला 2004 च्या विनोदी सिनेमापेक्षा जास्त हसवून गेला. त्यात जोआना मैत्रिणीच्या पोटात सुरी खुपसते. रक्त येत नाही. मैत्रीण बिघडलेल्या तबकडीसारखी त्याच त्या वाक्यांवर अडकते, कप पडत राहतात आणि तिला पाहुणचाराचीच काळजी असते. हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

नाटकवाला, पुणे

याच फ्रँक ऑझची आणखी एक गोष्ट. 1986 मध्ये त्याने 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' केला. हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेन्केन यांच्या संगीतिकेत रक्तपिपासू झाड नायक-नायिका दोघांनाही खातं. ऑझने सिनेमातही तेच ठेवलं होतं. झाडं न्यूयॉर्क पादाक्रांत करतात, हे दाखवायला मोठ्या खर्चाने छोट्या प्रतिकृती बांधून चित्रण केलं. पण चाचणी खेळांत प्रेक्षक गाण्यांना टाळ्या देत होते आणि ही दोघं मेल्यावर एकदम गार पडले. मग गोड शेवट नव्याने चित्रित झाला. मूळ शेवट 2012 मध्ये पुन्हा जोडून बाजारात आला, तो जरूर पाहा.

ऑझने नंतर याचं जे कारण सांगितलं ते मला पटतं. नाटकात मेलेले नट शेवटी पुढे येऊन वाकून अभिवादन करतात, सिनेमात ते परत येत नाहीत. रंगभूमीला ही सवलत आहे आणि आपल्याकडे सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये (1974) ती शंभर टक्के वसूल केली. भाऊराव मरतो आणि स्वतःच उठून आपल्या मरणाचं कीर्तन लावतो. मुलगा येईपर्यंत प्रेत घरात, आणि भाऊरावाचा हट्ट की जाळायचं ते जुन्याच स्मशानात, जे आता बंद झालंय. मेलेला माणूस अख्खं नाटक बोलतो, पण तो मेलाय हे नाटक एकदाही नाकारत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारचे आजोबा डोळे पुसत हसत होते.

रात्रपाळी

मी आयसीयूत सिस्टर आहे. मला 'लिटल शॉप'चा गोड शेवट आवडतो आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये असं वाटतं. ड्युटीवरून घरी आल्यावर पडद्यावर तरी कुणी वाचावं. पण स्टेपफर्डबद्दल धागाकर्तीशी सहमत. एखाद्याला वाचवणं वेगळं आणि तो मेलाच नव्हता म्हणणं वेगळं. आमच्या स्टाफरूममध्ये जे विनोद होतात ते इथे लिहिता येणार नाहीत, पण ते करताना बाहेर काय घडलंय हे कुणी विसरलेलं नसतं. म्हणूनच ते सहन होतात.

गिरगावकर

'जाने भी दो यारों' (1983) चं नाव अजून कसं आलं नाही! वडिलांबरोबर दूरदर्शनवर पाहिला. दारू चढलेला ओम पुरी रस्त्यावरच्या शवपेटीला मोटार समजतो, आतल्या डिमेलोची विचारपूस करतो, टायर पंक्चर झालाय म्हणून मदत करायला जातो. पुढे तेच प्रेत द्रौपदी होऊन महाभारताच्या रंगमंचावर. वडील हसून हसून लाल झाले होते. आणि शेवटी कोसळलेल्या पुलाचं खापर त्या दोन गरीब फोटोग्राफरांवर फुटतं. कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईत चालतात, 'हम होंगे कामयाब' वाजतं, आणि दोघं आपल्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात. वडील गप्प झाले. ते सरकारी कंत्राटांच्या खात्यात होते, आणि त्या रात्री जेवताना ते पहिल्यांदा ऑफिसातल्या गोष्टी बोलले. कुंदन शाह यांनी त्या दोघांना सोडवलं असतं तर आमच्या घरात ते बोलणं झालं नसतं.

जुना चित्ररसिक

ब्रिटिश 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' (1949). नायक सरदारकीसाठी एकेक नातेवाईक संपवतो, आणि त्या घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका एकट्या ॲलेक गिनेसने केल्या आहेत. शेवटी तो तुरुंगातून सुटतो, पण त्याच्या कबुलीची वही कोठडीत राहते आणि सिनेमा तिथेच थांबतो. अमेरिकेत मात्र ती वही सापडल्याचं काही सेकंदांचं दृश्य जोडावं लागलं, कारण तिथल्या तेव्हाच्या चित्रपट-नियमावलीनुसार गुन्हेगार सुटलेला दाखवता येत नसे. तेवढ्याने सगळी मजा गेली.

एकांकिका

माझा अनुभव पाहण्याचा नाही, लिहिण्याचा आहे. कॉलेजात एक एकांकिका लिहिली होती. इमारत पुनर्विकासाला जाणार, फ्लॅट आजोबांच्या नावावर, आजोबा अंथरुणावर. घरचे रोज सकाळी आरसा त्यांच्या नाकापुढे धरून बघतात. माझ्या शेवटात आजोबा जातात त्याच क्षणी बिल्डरचा फोन येतो की प्रकल्प रद्द, आणि सगळे पहिल्यांदा रडतात, फ्लॅटसाठी. तालमीला आलेल्या एका जाणकारांनी सांगितलं, परीक्षकांना हे झेपणार नाही, आजोबांना उठवा. आम्ही उठवलं. आजोबा बसते झाले, सुनेने पाय धरले, माफीची भाषणं झाली. आरशाच्या प्रसंगाला तुफान हशा आला होता आणि शेवटी लोक मोबाइल बघत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

धागाकर्ती

रात्रपाळी, तुम्ही केलेला फरक मला इतक्या नेमकेपणाने मांडता आला नव्हता. एकांकिका, मूळ शेवटाची संहिता जपून ठेवली असेल तर इथे टाका, आणि प्रयोग करायचा असेल तर नाटकवाल्यांशी बोला. आरसा धरणारी सून करायला मी तयार आहे.