संवाद वाढला, सहकार्य वाढले का?

धंतोलीकर (धागाकर्ता)
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेशांची नुसती रीघ लागली होती. कोणत्या गल्लीत पाणी कुठवर चढले, हे त्यात कोणी ना कोणी लिहिले होतेच. पण ते आज शोधू गेल्यास सापडत नाही. मिळतात ते सुप्रभातचे निरोप आणि भलत्याच शहरातल्या पुराची जुनी छायाचित्रे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा आपण केवळ वाचक होतो. आज प्रत्येक जण लिहितो. मात्र सगळे बोलू लागले म्हणजे सगळे मिळून काही उभे करू लागले, असे मला वाटत नाही.

महालकर
काका, आपला मुद्दा मला मान्य नाही. त्याच पहाटे माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरले होते आणि 'शंकरनगरच्या बाजूने येऊ नका' एवढा एकच निरोप वाचून माझा भाऊ दुसऱ्या रस्त्याने तिच्यापर्यंत पोहोचला. त्या निरोपाचे आयुष्य फार तर दहा मिनिटांचे होते आणि तेवढ्यात त्याचे काम झाले. हाकेला धावून जाणे हे सहकार्य नव्हे, तर दुसरे काय? सगळेच जपून ठेवण्याचा आग्रह मला दप्तरी वृत्तीचा वाटतो (राग नसावा).

जुना_जालकर
दोघेही 'वाचक होतो, लेखक झालो' हे गृहीत धरून चालला आहात. इतिहास थोडा निराळा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यात पान वाचता येई तसेच बदलताही येई. १९९३ च्या मोझॅक या ब्राउझरमुळे जाल (वेब) घरोघरी जाण्याची वाट खुली झाली, पण त्यात पान केवळ पाहता येत होते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिले विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पान बदलता येईल असे संकेतस्थळ, खुले करून ती सोय परत आणली. होनोलुलू विमानतळावरच्या बसचे 'विकी विकी', म्हणजे 'लवकर लवकर', हे नाव त्यांनी उचलले. २००१ साली विकिपीडिया आला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया.

आपल्याकडे खरी अडचण लिपीची होती. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा काला दिसे. ज्याचे वाचताच येत नाही, त्याचे सुधारणार कसे? युनिकोड, म्हणजे अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रुळले, तेव्हाच मराठीत एकाने लिहिलेले दुसऱ्याला दुरुस्त करता येऊ लागले.

निवृत्त_शिक्षिका
श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड हेही अनेकांनी मिळूनच केलेले काम होते आणि त्याचे मंडळ आपल्या नागपूरचेच. मात्र तिथे चुकीचा जाब संपादकाला विचारता येत असे. कोणीही येऊन बदलून जाणाऱ्या पानाचा जाब मी कोणाला विचारू?

धंतोलीकर
बाई, जाब विचारायला अशा पानांवर बदलांचा इतिहास असतो. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर मी आमच्या घरामागचा बोळ काढला. दोनच दिवसांत कोणा अनोळखी माणसाने तिथे चारचाकी जात नाही, अशी नोंद केली. ती बरोबर होती, कारण पलीकडच्या टोकाला विजेचा खांब आहे आणि तो मीच विसरलो होतो. कोणत्या खात्यावरून, कधी, काय बदलले, हे सगळे तिथे दिसते. आमच्या गटावर मात्र खोटे छायाचित्र टाकणारा तेच पुसून मोकळा झाला.

महालकर, आपल्या भावाचा दाखला मी मान्य करतो. दहा मिनिटांच्या निरोपाला मी उगाच हिणवले. परंतु पुढच्या पावसाळ्यापूर्वी पाण्याची पातळी नकाशावर मांडायची, तर आपल्याजवळची छायाचित्रे द्याल का?

महालकर
देईन. त्यांत मावशीच्या शेजाऱ्यांचे उघडे पडलेले घरही दिसते, त्यामुळे आधी त्यांना विचारते.